सड्यावरचं अनोळखी विमान

एस.टी.च्या नोकरीत वाहतूक नियंत्रकाचं काम करताना एक सवय अंगात मुरली. गाडी आली की आधी नंबर वाचायचा, मग घड्याळ बघायचं, मग वहीत लिहायचं. निवृत्तीनंतर वही तशीच चालू राहिली. आता तिच्यात चिपीच्या विमानतळावर उतरणारी विमानं असतात. तारीख, वेळ, कंपनी, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरं, वारा कुठून होता आणि कुठल्या बाजूने उतरलं, एवढे रकाने. सोबत फोटो. मालवणातून नेरूरपारचा पूल ओलांडून परुळ्याच्या बाजूला यायचं, सार्वजनिक रस्त्याकडेच्या काजूच्या सावलीत स्कूटर लावायची आणि थांबायचं.

चिपीचा सडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा जांभ्या दगडाचा सपाट माथा वेंगुर्ले तालुक्यात येतो. उत्तरेला कर्लीची खाडी, पश्चिमेला भोगव्याचा किनारा, तिथून खाली निवती. उन्हाळ्यात हा कातळ तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंद अशी फुलतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. कोकणात इतकी मोठी सपाट जागा सड्यावरच मिळते, म्हणून विमानतळही सड्यावर आला. जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, बांधणी आयआरबी कंपनीची, धावपट्टी अडीच हजार मीटरची.

पहिलं विमान इथे उतरलं ते १२ सप्टेंबर २०१८ रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. छोटं खासगी विमान होतं, चाचणीसाठी आलेलं, आणि त्यातून गणपतीची मूर्ती आणली होती. प्रवासी सेवा सुरू व्हायला मात्र ९ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या तारखेची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आदल्याच दिवशी, ८ ऑक्टोबरला, एअर इंडिया टाटांकडे जाणार हे सरकारने जाहीर केलं होतं. चिपीला आलेलं पहिलं प्रवासी विमान अलायन्स एअरचं होतं, म्हणजे एअर इंडियाच्याच घरातल्या धाकट्या कंपनीचं. पुढे मोठी कंपनी टाटांकडे गेली आणि ही धाकटी सरकारकडेच राहिली. देशाच्या विमानवाहतुकीतला एवढा मोठा बदल आमच्या सड्याला अगदी चाटून गेला.

ते विमान एटीआर ७२-६०० होतं, पंख्याचं. गावात तेव्हा बरीच नाराजी ऐकू आली. इतकी वर्षं वाट बघितली आणि शेवटी पंख्याचं विमान दिलं, असा सूर होता. जेट म्हणजे नवं आणि पंखा म्हणजे जुनं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे ते कोकणातल्या माणसाने समजून घ्यायला हवं, कारण आपल्यापर्यंत विमान पोचलं ते या पंख्यामुळेच.

एटीआरचं इंजिन आतून जेटच्याच जातीचं असतं. इंधन जाळून टर्बाइन फिरतं. फरक असा की ती सगळी ताकद गरम हवेच्या झोतावर खर्च न करता गिअरबॉक्समधून मोठ्या पंख्याला दिली जाते. भरपूर हवा थोड्या वेगाने मागे ढकलली की कमी अंतरावर इंधन वाचतं. मुंबई ते चिपी हवेतून चारशे किलोमीटरही नाही. एवढ्या अंतरासाठी जेट उंच चढून वेग घेतं न घेतं तोच त्याला उतरायला लागावं लागतं. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं आणि पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे खिडकीतून किनारा दिसत राहतो. जागा सत्तरच्या घरात. एअरबस ए-३२० मध्ये एकशे ऐंशीच्या आसपास माणसं बसतात, आणि मंगळवारच्या सकाळी कुडाळ-मालवणातून एकशे ऐंशी प्रवासी मिळवायचे कुठून? फेरी कोणती टिकते आणि कोणती बंद पडते हे मी नोकरीभर पाहिलं आहे. रिकाम्या बाकांवर कुठलीही फेरी टिकत नाही.

हे विमान बनवणारी एटीआर कंपनी फ्रान्स आणि इटलीच्या दोन विमान कंपन्यांनी १९८१ मध्ये मिळून काढली. विमानं फ्रान्समधल्या तुलूजला जोडली जातात. आधी ४२ आलं, १९८४ मध्ये उडालं. मग लांबी वाढवून ७२ केलं, ते १९८८ मध्ये उडालं. आज आपल्याकडे येतं ती ६०० मालिका, म्हणजे आतली यंत्रं नवी. लांबी २७ मीटरच्या थोडी वर, आणि पंखांचा विस्तारही जवळजवळ तेवढाच. उडायला साधारण तेराशे मीटर धावपट्टी पुरते. चिपीची धावपट्टी त्याच्या दुपटीला थोडीच कमी आहे.

आता त्या अनोळखी विमानाकडे येतो. मार्च २०२४ ची गोष्ट. त्याआधीची अडीच वर्षं माझ्या वहीत एकाच कंपनीचं नाव होतं. गोव्यात फ्लाय ९१ नावाची नवी कंपनी निघाली आहे, तिला उड्डाणाची परवानगी मिळाली आहे, हे पेपरात वाचलं होतं. नावातला ९१ म्हणजे परदेशातून भारताला फोन लावताना आधी दाबतात तो आकडा. पण ती आमच्याकडे कधी येणार, कुठून येणार, यावर माझं लक्ष नव्हतं. त्या आठवड्यात मी सड्यावर गेलो ते अलायन्सच्या विमानाच्या हिशेबाने. ऊन चढलं होतं, कातळावरून वाफा निघताना दिसत होत्या. जवळच गुरं चारणारे एक आजोबा बसले होते. आवाज आधी त्यांनाच ऐकू गेला. मग विमान दिसलं, आणि तेच म्हणाले, “भाऊनू, आज इमान येगळा दिसता!”

खरंच वेगळं होतं. आकार ओळखीचा : पंख पोटाच्या वर, शेपटी इंग्रजी टी अक्षरासारखी, दोन्ही बाजूंना सहा पात्यांचे पंखे. म्हणजे एटीआरच. पण रंग अनोळखी, आणि वेळ वेळापत्रकात न बसणारी. मी आधी नंबर टिपला आणि मगच फोटो काढायला लागलो. संध्याकाळी घरी चौकशी केल्यावर उलगडा झाला. १८ मार्चला फ्लाय ९१ ने प्रवासी सेवा सुरू केली होती, आणि पहिल्याच मार्गांमध्ये बंगळूर–सिंधुदुर्ग होता. मोपाच्या विमानतळावर ठाण मांडलेल्या कंपनीने सुरुवातीलाच आमचा सडा निवडला होता. मोपा पेडणे तालुक्यात, आमच्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच. तो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा चिपीचं आता काही खरं नाही, असं अनेकांनी बोलून दाखवलं होतं. आणि तिथलीच कंपनी विमान घेऊन इकडे आली. त्या दिवशीच्या फोटोंत उन्हाच्या झळांनी चाकं थरथरल्यासारखी आली आहेत, पण कंपनीचं नाव आणि शेपटीवरची अक्षरं स्वच्छ आहेत. मला तेवढं पुष्कळ आहे.

नोंदणीच्या अक्षरांबद्दल सांगायला हवं, कारण या छंदाचा पाया तोच आहे. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी ‘व्हीटी’ या दोन अक्षरांनी सुरू होते आणि पुढे तीन अक्षरं असतात. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, त्याला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, ते अनेकांना आठवत असेल. ही पाच अक्षरं टिपली की त्या एका विमानाचा माग लागतो. ते कधी बनलं, आधी कुणाकडे होतं, कुठल्या देशात उडत होतं, सगळं उलगडत जातं. रंग बदलतो, कंपनी बदलते. अक्षरं देशाच्या नोंदवहीतली असतात.

विमानं आपली जागा रेडिओवरून सारखी सांगत असतात, आणि तो संदेश पकडून नकाशावर दाखवणारी ॲप आज कुणाच्याही फोनवर चालतात. त्या नकाशामागे जागोजागी लोकांनी हौसेने बसवलेले छोटे रिसीव्हर असतात. विमान उंच असेपर्यंत ते दूरच्या रिसीव्हरलाही दिसतं. खाली आलं, मधे डोंगर आला, की नकाशावरचा ठिपका थांबतो. चिपीला उतरताना शेवटचा टप्पा म्हणूनच कानांनी ओळखावा लागतो. मला ते आवडतं. एटीआरचा घरघरता आवाज एकदा ओळखीचा झाला की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही.

कुठल्या बाजूने उतरेल हे वाऱ्यावर ठरतं. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा ते समुद्राच्या अंगाने आत येण्याची शक्यता जास्त. उन्हं तापली की खारा वारा सुटतो आणि दिशा उलटते. आमच्या मच्छीमारांना हे वारे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. होडीसाठी उपयोगी पडणारं ते ज्ञान विमानालाही तसंच लागू पडतं. वही चाळली तर उतरण्याच्या दिशा आणि वाऱ्याच्या वेळा एकमेकींशी जुळलेल्या दिसतात.

फोटोचं गणित थोडं निराळं आहे, आणि पंख्याच्या विमानाचं तर फारच. नवशिका माणूस शटर शक्य तितकं वेगवान ठेवतो, म्हणजे फोटो हलणार नाही. विमान स्वच्छ येतं, पण पंख्याची पाती जागच्या जागी गोठतात आणि इंजिन बंद पडलेलं विमान आकाशात टांगल्यासारखं वाटतं. उड्डाणाच्या वेळी एटीआरचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. पाती सहा, दोन पात्यांमधला कोन साठ अंशांचा. शटर १/२००० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं साडेतीन अंशच सरकतं, म्हणून गोठलेलं दिसतं. १/१२५ ठेवलं तर जवळजवळ अठ्ठावन्न अंश फिरतं. एक पातं दुसऱ्याच्या जागी पोचतं आणि पंख्याची पूर्ण चकती उमटते. पण १/१२५ ला विमानही धूसर येणार, कारण तेही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास चाललेलं असतं. म्हणून कॅमेरा त्याच्याबरोबर, त्याच वेगाने, कमरेतून वळत फिरवायचा. हे हाताला बसायला वेळ लागतो. पण बसलं की विमान स्थिर, पंखा फिरता आणि मागचा काजू-आंबा वाहता, असा फोटो मिळतो.

दुसरी अडचण उजेडाची. चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या अंगाला उभं राहिलं तर दिवसभर सूर्य पाठीशी राहतो. मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य आमच्याकडे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. एटीआरचे पंख पोटाच्या वर असल्याने तेव्हा त्यांची सावली खिडक्यांवर पडते आणि विमानाचा अर्धा भाग काळवंडतो. शिवाय झळा. तापलेल्या कातळावर लटपटणारी हवा कुठल्याही महागड्या लेन्सने सरळ होत नाही. सकाळी लवकरचं किंवा सूर्य कलल्यावरचं विमान मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर नोंद तरी नीट करावी.

परुळ्याच्या एका शाळकरी मुलीने मला विचारलं होतं, “आजोबा, विमान उभं असताना एका बाजूचा पंखा बंद असतो, पण आवाज चालूच असतो, असं कसं?” इतक्या बारकाईने पाहिलेला प्रश्न मी मोठ्यांकडूनही ऐकलेला नाही. उत्तर असं : मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान उभं असताना दिवे आणि थंड हवा त्यावर चालते. एटीआरमध्ये ते नाही, तेवढं वजन वाचवलं आहे. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावायची सोय केली आहे. इंजिन चालू राहून वीज देतं आणि पंखा थांबलेला असतो. प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढतात, सामान पुढे भरलं जातं. चिपीसारख्या छोट्या विमानतळावर फारशी यंत्रसामग्री नसली तरी या विमानाचं काम अडत नाही, ते अशा विचारपूर्वक केलेल्या गोष्टींमुळे.

कायद्याचं बोललंच पाहिजे, कारण तरुण मुलं मोबाइल घेऊन कुंपणाला चिकटतात. विमान नियम १९३७ मधला तेरावा नियम सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई करतो. लष्करी तळांचं प्रकरण आणखी गंभीर. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात राहून विमानांच्या नोंदी करणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना अटक झाली आणि पुढे दंड भरून ते सुटले. त्याहून मोठं प्रकरण ग्रीसमधलं. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता इथल्या तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. त्यांना शिक्षा झाली, आणि अटकेनंतर वर्षभराने अपिलात सगळे निर्दोष ठरले. वहीत आकडे लिहिणारा माणूस परक्याला संशयास्पद वाटतो, हे मान्य करून वागावं. मी कुंपणापासून लांब, रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो. कुणी गणवेशातला माणूस आला तर आपणहून वही दाखवतो. थांबू नका म्हणाला तर निघतो.

ड्रोनचा मुद्दा तर आमच्या पर्यटनाशीच जोडलेला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. भोगवे आणि निवती त्या टापूत येतात. सुट्टीत तिथे किनाऱ्याचं शूटिंग करायला आलेल्यांपैकी अनेकांना जवळ विमानतळ आहे याचीही कल्पना नसते. ज्या आकाशात सत्तर माणसांना घेऊन विमान उतरतं, तिथे खेळणं सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याआधी तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी खोलीत जेवणाच्या दरपत्रकाशेजारी हीही सूचना लावावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुंबईच्या फेरीबद्दल. अलायन्सची सेवा ‘उडान’ योजनेत होती. ही योजना २०१६ ची. छोट्या गावांच्या मार्गावर काही जागांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून द्यायचं आणि कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षं भरून काढायची. चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि अलायन्सची मुंबईची फेरी थांबली. चाकरमान्यांचा सगळा ओढा मुंबईकडे, आणि नेमकी मुंबईच गेली. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीला फ्लाय ९१ ने पुण्याची सेवा सुरू केली होती, त्यामुळे सडा ओस पडला नाही. मार्चमध्ये अवचित दिसलेलं ते अनोळखी विमानच सड्यावर येत राहिलं.

माझे आजोबा बोटीने मुंबईला जात. ती बोट बंद झाली. कुठली बोट कुठल्या दिवशी मालवण बंदराबाहेर उभी राहिली, किती वाजता सुटली, याची साधी वही आमच्या गावात कुणाच्या घरी सापडत नाही. आठवणी आहेत, नोंद नाही. पंचवीसेक वर्षांनी कुणी विचारलं की चिपीला पहिल्यांदा कोणती विमानं येत होती, तर त्याला उत्तर मिळावं, यासाठी मी लिहितो. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना महागडा कॅमेरा लागत नाही. दुर्बीण आणि पेन्सिल पुरते.

ओळख पटवायला काही खुणा देतो. पंख वर, टी शेपटी आणि चाकं पोटाजवळच्या फुगवट्यातून बाहेर आलेली, तर एटीआर. तेच रूप, पण अंग लांबट आणि चाकांचे लांब पाय इंजिनांखालून निघालेले, तर डॅश ८ क्यू-४००, जे आपल्या देशात स्पाइसजेटकडे आहे. पंख वर, दोन पंखे, पण शेपटी साधी आणि अंग छोटं, तर डॉर्निअर २२८, बहुधा तटरक्षक दलाचं किंवा नौदलाचं, किनाऱ्याच्या गस्तीवर निघालेलं. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला, तेव्हा हजारो लोकांनी माना वर करून लढाऊ विमानं पाहिली होती. त्यातल्या कुणाला त्यानंतर आकाशाकडे बघायची सवय लागली असेल, तर त्यांच्या नोंदी मला हव्या आहेत. आणि एखाद्या दिवशी पंख पोटाच्या खाली, पंखा नाही, इंजिनं पंखांखाली लटकलेली, असं काही सड्यावर उतरताना दिसलं, तर आधी मागच्या बाजूची व्हीटी-पुढची तीन अक्षरं वाचा, वेळ टिपा, आणि मग मला फोन करा.